तीन मिनिटांच्या आत

सोलदो बेट, ७ सप्टेंबर

दानबीच्या आईस,

मंगळवारी सकाळी दानबी शाळेच्या बोटीवर गेली आणि मी तिच्या खोलीत शिरून तिचा दात घासायचा ब्रश हुंगला. नुसता पुदिन्याचा वास आला. मग तिची उशी हुंगली, खुंटीवरचा रुमाल हुंगला. पन्नाशीला टेकलेला माणूस, रोज पहाटे प्रार्थनाघराची घंटा वाजवणारा, आणि पोरीच्या खोलीत कुत्र्यासारखा हुंगत फिरतो, हे सांगायला मला लाज वाटते. पण कोणाला तरी सांगायला हवं, आणि ज्या माणसावर संशय आहे त्यालाच सांगितलेलं बरं.

फोनवर तू ‘हं’ आणि ‘ठेवते’ यांच्यामध्ये काही बोलत नाहीस, म्हणून लिहितो आहे. पत्र पोरीच्या हाती देत नाही, पोस्टमनकडे देतो. ती उघडून वाचेल असं नाही. पण तू वाचत असताना ती तुझ्या तोंडाकडे बघत बसेल, आणि तिला तोंडं वाचता येतात.

पोरीला काहीतरी झालं आहे. सगळं कोमट करून खाते, कोमट करून पिते. काकडीचं ते व्हिनेगर घातलेलं थंडगार सार, ज्याच्यासाठी लहानपणी वाडगा चाटायची, ते मी परवा केलं तर एक चमचा तोंडात घेऊन तिने डोळे गच्च मिटले आणि वाडगा माझ्याकडे सरकवला. भूक नाही म्हणाली. भूक होती; भात दोनदा घेतला. रविवारी वाळवलेला स्क्विड चावताना समोरच्या दाताचा टवका उडाला. ती हसली आणि तो टवका खिशात टाकला, जणू नाणं सापडलं. मी उजेडाकडे तोंड करायला सांगितलं. वरच्या दातांच्या कडा काचेसारख्या झाल्यात, आरपार दिसावं अशा. चौदा वर्षांच्या पोरीचे दात असे असतात का?

आता दुसरी गोष्ट. तिच्या दप्तरात रोज एक लहान बाटली असते. मेसिलचा पाक, हिरव्या आंबट फळांचा, तूच केलेला. झाकणावरचं अक्षर तुझं आहे. पोट बिघडलं की पाण्यातून तो घ्यायचा, हे मला शिकवू नकोस, माझी आईही द्यायची. पण धडधाकट पोरीला तो रोज कशाला लागतो? मी विचारलं तर म्हणाली, चव आवडते. ज्या पोरीला काकडीचं सार सोसत नाही तिला मेसिलची चव आवडते.

दर बुधवारी शाळा सुटल्यावर ती मोकपोला तुझ्या दुकानात जेवते. बाकीच्या सहा दिवसांचं जेवण माझ्या हातचं आहे आणि त्यात काय पडतं ते मला माहीत आहे. तुझ्याकडे तिच्या पोटात काय जातं, ते मला कळव. खरं कळव.

ग्वांगतेक


सोलदो, १८ सप्टेंबर

दानबीच्या आईस,

तुझं उत्तर आलं नाही. नाही आलं त्याचाही मी अर्थ लावतो आहे.

शनिवारी वारा नव्हता, पोरीला मोकपोला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. बंदराच्या मागे प्यॉन डॉक्टर आहेत त्या, ज्यांनी शेजारच्या सोंगजा काकूंची कवळी केली. काकू म्हणतात, बाईचा हात हलका आहे पण जीभ जड. खरं आहे. त्यांनी दानबीच्या तोंडात आरसा घातला, बराच वेळ बघितलं, मग तिला बाहेर बसायला सांगून दार लावून घेतलं.

“मुलीला उलट्या होतात का?”

मी नाही म्हणालो.

“होतात,” त्या म्हणाल्या. “एखाद्या वेळी नाही. पुन्हा पुन्हा, वर्षभर तरी.”

मग त्यांनी मला प्लास्टिकची कवळी हातात घेऊन दाखवलं. गोड खाऊन दात किडतात ते फटींत, दाढांच्या खळग्यांत. दानबीची झीज आहे ती वरच्या दातांच्या आतल्या अंगाला, टाळूच्या बाजूने. तिथे काही अडकत नाही, तिथे खाणं पोचत नाही. तिथे पोचतं ते खालून वर येणारं. पोटातलं आम्ल. त्याने दातावरचं चकचकीत कवच विरघळतं, आणि ते कवच केस-नखांसारखं परत वाढत नाही. गेलं ते गेलं.

“आणि ही मुलगी त्यावर लगेच ब्रश करते,” त्या म्हणाल्या. “जोर लावून. ओरखडे दिसताहेत.”

मी म्हणालो, मग चांगलंच आहे की. तीन-तीन-तीन. दिवसातून तीनदा, खाल्ल्यावर तीन मिनिटांच्या आत, तीन मिनिटं. बेटावरच्या शाळेत आम्हाला गुरुजी समुद्राच्या बांधावर रांगेत उभं करून घासायला लावायचे. शाळेत बाकी फार काही शिकलो नाही, पण हे शिकलो, आणि पोरीला बोलायला लागायच्या आधी घासायला शिकवलं. तुला आठवत असेल.

डॉक्टरबाईंनी हात जोडल्यासारखं केलं. म्हणाल्या, तो नियम भात खाणाऱ्यांसाठी आहे, ओकणाऱ्यांसाठी नाही. आम्ल लागलं की वरचं कवच थोडा वेळ मऊ पडतं, ओल्या चुन्याच्या भिंतीसारखं. त्यावर झाडू मारला तर चुना झाडूबरोबर येतो. उलटी झाली की आधी साध्या पाण्याने चूळ भरायची. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्याने भरली तर उत्तम, आम्ल मरतं. मग तासभर दाताला काहीही लावायचं नाही. तोंडातली लाळ तेवढ्या वेळात भिंत पुन्हा घट्ट करते. नंतर मऊ ब्रश, हलका हात. आणि आंबट तर मुळीच नको.

आंबट. मी त्यांना पाकाबद्दल विचारलं. त्यांनी डोळे मिटले.

मग त्यांनी जे विचारलं त्यासाठी हे पत्र आहे. या वयाच्या काही मुली बारीक व्हायला स्वतःहून उलटी करतात, म्हणाल्या. खायचं, आणि कोणी बघत नाही तिथे जाऊन काढून टाकायचं. घरात अशी कोणी आहे का, जिचं बघून मुलगी शिकली असेल?

माझ्या घरात मी आहे आणि मांजर आहे. तुझ्या घरात तुझ्या ताईची सेरा आहे, जिला विमानात हवाईसुंदरी व्हायचं आहे आणि जी वर्षभर कोबीच्या पानांवर जगते. दानबी तिचे फोटो बघत बसते हे मी बघितलं आहे. बुधवारी जेवण झालं की दोघी कुठे जातात? तू दुकानात भांडी घासत असशील, तुला दिसत नसेल. किंवा दिसत असेल.

पोरीला मी अजून काही विचारलेलं नाही. विचारलं तर ती सावध होईल.

ग्वांगतेक


सोलदो, ३० सप्टेंबर

दानबीच्या आईस,

उत्तर मिळालं. तुझं अक्षर इतकं दाबून लिहिलेलं पहिल्यांदाच बघितलं, कागदाच्या पाठीवर हात फिरवला तरी वाचता येतं.

तू लिहितेस, सेरा माझ्या पत्राने रडली आणि मग तिने दुकानात सगळ्यांसमोर बसून मोठा वाडगाभर भात खाऊन दाखवला. मला तिला रडवायचं नव्हतं. तू लिहितेस, दानबी तुझ्याकडे ताट चाटून पुसून जेवते आणि बोटीची वेळ होईपर्यंत तुझ्या समोर बसून गृहपाठ करते. संडासाकडे जातसुद्धा नाही. तू लिहितेस, उपाशी पोटी पित्त उसळतं, आणि पोरीला उपास करायला लावणारा मीच आहे. शुक्रवारी मी मांस खात नाही, तिच्यावर सक्ती नाही. गेल्या शुक्रवारी तिने अंड्याची गुंडाळी खाल्ली, माझ्यासमोर, मजेत. हे तू तिलाच विचार. मला वाटतं तू विचारलंसच असशील, आणि तिने माझी बाजू घेतली म्हणून तुला राग आला असेल.

तेव्हा आता असं झालं की तू माझ्यावर नजर ठेवतेस आणि मी तुझ्यावर, आणि पोरगी दोघांच्या मधून ये-जा करते.

मी घरात पाळत ठेवली. संध्याकाळची प्रार्थना मी आता तिच्या खोलीबाहेरच्या कट्ट्यावर बसून करतो. हात माळेवर, कान दाराला. ‘प्रणाम मारिया’ म्हणताना मध्येच थांबून ऐकतो, आणि मग कुठवर आलो होतो ते आठवत नाही. अशी प्रार्थना वर पोचते की नाही कोण जाणे. घरात मात्र काहीच होत नाही. एकदाही नाही. जेवते, ढेकर देते, झोपते. सकाळी दप्तर घेऊन बंदराकडे पळते.

चुसोकच्या, सुगीच्या सणाला तीन दिवस शाळा बंद होती. त्या तीन दिवसांत तिच्या गालांवर रंग आला. तांदळाच्या पिठाच्या गोड चंद्रकोरी वळताना गाणं म्हणत होती. माझ्या बापाच्या नावाने ताट मांडलं, तेव्हा तिनेच नासपती सोलली. शाळा सुरू झाली आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा मेणासारखी पांढरी. म्हणजे जे होतं ते शाळेच्या दिवशी होतं. शाळेत? तिथे तिला कोणी छळतं का?

सोंगजा काकू रोज बोटीने भाजी घेऊन मोकपोच्या बाजारात जातात, म्हणून त्यांना विचारलं, पोरीत काही वेगळं दिसतं का. त्या जुडीला दोरी बांधत होत्या. म्हणाल्या, “ग्वांगतेक, पोरीचा बाप आहेस की फौजदार?” मी म्हणालो, तिला उलट्या होतात असं डॉक्टर म्हणतात. तर म्हणाल्या, “मग बाळंतविड्याची तयारी कर,” आणि स्वतःच हसल्या. बाजाराला निघालेल्या इतर बायका हसल्या नाहीत. त्या एकमेकींकडे बघत होत्या. मी रात्रभर त्या बघण्याचा विचार केला. बायका थट्टेवर हसत नाहीत तेव्हा त्यांना काहीतरी माहीत असतं.

तुझ्या पत्रात पाकाबद्दल एक शब्द नाही. मी दोनदा वाचलं.

ग्वांगतेक


सोलदो, १२ ऑक्टोबर

दानबीच्या आईस,

काल मी पोरीच्या बोटीवर होतो. तिला न सांगता.

समुद्रातल्या आमच्या शेवाळशेतीच्या जाळ्यांवर बी धरायचे हे दिवस, पण काल वायव्येचा वारा होता, कामाला कोणीच गेलं नाही. मी टोपी ओढून तिच्या आधी बोटीत चढलो आणि खालच्या खोलीच्या दाराशी भाजीच्या टोपल्यांमागे बसलो. सोंगजा काकूंनी मला बघितलं. तोंड उघडलं, मिटलं, आणि त्यांची नजर आपोआप मागच्या बाजूला गेली, इंजिनाच्या धुराड्यापाशी. तिकडे बघायला नको होतं असं त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर मीही बघितलं होतं.

दानबी तिथे एकटी बसली होती, बाकीची पोरं आत फोनवर खेळत असताना. बेटाची आडोशाची बाजू संपेपर्यंत काही नाही. उघड्या समुद्रावर आलो आणि बोट डोलायला लागली, तशी ती गुडघ्यांवर बसली. क्षणभर मला वाटलं प्रार्थना करते आहे. आणि मग तिने खिशातून काळी प्लास्टिकची पिशवी काढली, दोन्ही हातांनी तोंडाशी धरली, आणि पोटातलं सगळं तिच्यात काढलं. आवाज नाही, रडणं नाही. झाल्यावर पिशवीला गाठ मारली, सराईतपणे, बाजारातल्या बाईसारखी.

तिला बोट लागते, यॉनसुन. बोट लागते, इतकंच. सहा पिढ्या आमच्या घराण्यात कोणाला बोट लागली नाही.

मग ती उठली, कठडा धरला, दप्तरातून ब्रश काढला आणि घासायला लागली. तव्याची काजळी घासावी तशी. बाटलीतलं पाणी, पुन्हा ब्रश. वर पाकाचे दोन घोट. मला डॉक्टरबाईंची भिंत दिसत होती आणि तिच्यावरून फिरणारा झाडू. मी टोपल्या ओलांडून गेलो आणि तिचा हात धरला. तोंडात फेस होता तिच्या. मला बघून ती दचकली नाही, दमल्यासारखी दिसली.

“आईला सांगू नका,” हे तिचे पहिले शब्द.

कधीपासून, मी विचारलं. मोकपोच्या शाळेत जायला लागले तेव्हापासून, म्हणाली. वारा नसला तर होत नाही. वारा असला की जाताना, येताना. येताना बंदरातल्या नळावर तोंड धुऊन, ब्रश करून घरी येते. म्हणून चेहरा मेणासारखा दिसायचा, पण वास मला कधी आला नाही.

“लगेच का घासतेस?”

“तीन मिनिटांच्या आत,” ती म्हणाली. “तुम्हीच शिकवलंत.”

ती टोमणा मारत नव्हती. शिकवलेलं म्हणून दाखवत होती, माझ्याकडे बघून, शाबासकीसाठी बघावं तसं. मी कठड्याला धरून उभा राहिलो. बोट डोलत होती आणि मला पहिल्यांदाच काही खरं वाटेना.

मला का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाली, “तुम्हाला सांगून काय, समुद्र थांबवणार होतात?” आणि मग, पाण्याकडे बघत: “सांगितलं असतं तर मला आईकडे ठेवलं असतं.”

“तिथे वाईट काय आहे?”

“वाईट काही नाही. पण मग मी इथे पाहुणी. आईला बोट लागायची तेव्हा सगळे काय म्हणायचे? बोट लागली तो बेटाचा नव्हे.”

हे वाक्य बेटावर सगळेच बोलतात. मी ते कधी म्हणीपेक्षा जास्त धरलं नव्हतं. तिने धरलं होतं.

सोंगजा काकू माझ्यामागे येऊन उभ्या होत्या. “शपथ घातली होती पोरीने आम्हाला,” म्हणाल्या. “पिशव्या माझ्याच. आता मलाच बुडव समुद्रात.” पूर्ण बोटीला माहीत होतं. बोट चालवणाऱ्या तांडेलाला माहीत होतं. पहाटे माझ्या घंटेला उठून प्रार्थनेला येणारी माणसं, शेजारी गुडघे टेकणारी, आणि एकानेही मला सांगितलं नाही. मी आता त्यांच्याकडे बघतो तेव्हा वाटतं, आणखी काय काय माहीत आहे यांना.

सेराबद्दल लिहिलं ते सगळं मागे घेतो, तिला सांग. तुझ्याबद्दल लिहिलं त्यातलं अर्धं मागे घेतो. बाटलीचा हिशेब अजून लागलेला नाही.

ग्वांगतेक


सोलदो, २७ ऑक्टोबर

दानबीच्या आईस,

बाटलीचा हिशेब लागला. तू लिहितेस, वर्षापूर्वी पोरीने तुला सांगितलं होतं की बोटीत कधीकधी मळमळतं. तू पाक दिलास आणि गप्प राहिलीस. का, तर मी म्हणेन तुझ्यावर गेली, आणि कुरापत काढून तिचं बुधवारचं तुझ्याकडे येणं बंद करेन. म्हणजे माझा संशय सगळाच खोटा नव्हता. तुझा माझ्यावरचा संशयही खोटा होता असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. आपण दोघं लपवत होतो आणि लपवणं पोरगी आपल्याकडूनच शिकली. सेराकडून नाही.

इथलं सांगतो. ब्रश दप्तरातून काढला, तो आता शाळेत तिच्या कपाटात असतो; पहिला तास संपल्यावर घासते, मऊ ब्रशने. दप्तरात सोड्याच्या पाण्याची बाटली असते. पिशवीनंतर चूळ, पुन्हा चूळ, आणि मग दाताला जीभसुद्धा लावायची नाही असं मी सांगितलं तर म्हणाली, जीभ काय बाहेर टांगून ठेवू? पाक बंद. तू बुधवारी देऊ नकोस, ती मागेल तरी. औषधवाल्याने पोट ढवळू नये म्हणून गोळ्या दिल्या. त्यांनी ढवळणं थोडं कमी झालं आणि झोप इतकी आली की गणिताच्या परीक्षेत ती बाकावर डोकं टेकून झोपली. गुरुजींनी फोन केला, घरी रात्री काम करून घेता का म्हणून. संशय घेणारा मी एकटाच नाही.

शनिवारी पुन्हा प्यॉन डॉक्टरांकडे गेलो. त्या म्हणाल्या, ओरखडे थांबलेत, शाबास. पण चूळ भरणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली. वरच्या दोन दातांचं कवच इतकं पातळ झालं आहे की आतला लाल गर दिसायला फार काही उरलेलं नाही. मी विचारलं, हिवाळ्याची सुट्टी लागेल, मग दोन महिने बोट नाही, तोवर निभेल ना? त्यांनी विचारलं, सुट्टी लागेपर्यंत वारा थांबणार आहे का? आणि सुट्टी संपल्यावर?

तू लिहितेस, “आण तिला. खोली तयार आहे.” हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. तयार आहे. खोली एका दिवसात तयार होत नाही. त्या खोलीत तुझ्या ताईच्या लोणच्याच्या बरण्या असायच्या, पोरगीच सांगायची. त्या कधी हलवल्यास? मी पहिलं पत्र लिहायच्या आधी? पोरीला बोट लागते असं कळलं तेव्हापासूनच? तू वाट बघत होतीस का? विचारायला नको होतं, पण पत्रात खोडलं तर तू उजेडात धरून वाचशील.

दुसरी गोष्ट लिहितो आणि मग थांबतो. या पंधरा दिवसांत मी पहाटे घंटा वाजवून झाली की तिथेच गुडघे टेकतो आणि समुद्र शांत ठेव म्हणून मागतो. मंगळवारी मागता मागता ध्यानात आलं की मी पोरीचे दात मागत नव्हतो. पोरगी मागत होतो. घरात एक दिवा लागलेला असावा, कोणीतरी ‘आज काय केलंय’ म्हणून विचारावं, एवढ्यासाठी मी देवाला वाऱ्याच्या कामाला लावलं होतं. तेव्हापासून तुझ्या खोलीवर संशय घ्यायची मला लाज वाटते. घेतो अजून, पण लाज वाटते.

मला थोडे दिवस दे.

ग्वांगतेक


सोलदो, ११ नोव्हेंबर

दानबीच्या आईस,

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तुला सगळं माहीत असेल. तरी लिहितो, कारण तू बाजारात होतीस आणि मी काय केलं ते तुला तुझी ताई तिच्या पद्धतीने सांगेल.

गेल्या गुरुवारी जेवताना पोरीला सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला आणि त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. रागाने ताटं आपटली असती तर बरं होतं. कपडे स्वतःच घडी करून पिशवीत भरले. बेटावर घालायचे एक जोड कपडे मात्र खुंटीवर ठेवले, आणि मी ते बघितलं की नाही हे बघितलं.

रविवारी प्रार्थनेनंतर मी सगळ्यांसमोर उभा राहिलो. म्हणालो, माझ्या पोरीला बोट लागते, म्हणून ती शाळेचे दिवस आईकडे राहणार आहे. पुढच्या बाकावरची तिची जागा तिचीच आहे. आणि ती म्हण यापुढे माझ्यासमोर कोणी बोलू नये. तांडेल खाली बघत होता. सोंगजा काकू म्हणाल्या, “इतकं लांबण कशाला, बस खाली.” दानबी बाहेर निघून गेली. मला वाटलं चिडली. नंतर बघतो तर बांधावर बसून नाक पुसत होती.

आज सकाळी निघालो तर समुद्र काय सांगू. तेल ओतल्यासारखा. एक लाट नाही. पोरगी मागच्या बाजूला ताठ बसून होती, आणि उघड्या समुद्रावरून अर्धी वाट सरली तेव्हा चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

“बघा. आज काहीच झालं नाही.”

मी पाण्याकडे बघितलं. खोटं सांगत नाही, मला वाटलं देवाने ऐकलं. पंधरा दिवस मागितलेलं आज, नेमकं आज दिलं. तांडेलाला सांगून गादीची वळकटी परतीच्या बोटीत तशीच ठेवावी असं मनात आलं. मग दुसरा विचार आला, की देव असं देत नाही. असा मोह दुसराच कोणी घालतो. कोण ते मला ठरवता येईना. शेवटी मी तिला म्हणालो, हसून दाखव. ती हसली नाही, पण दात दाखवले, रागाने, कुत्र्याने दाखवावे तसे. टवका उडालेली कड उन्हात चमकली. मग मला काही ठरवायचं राहिलं नाही.

ती म्हणाली, “शनिवारी मी येणार.”

मी म्हणालो, “वारा नसला तर तू ये. असला तर मी येईन. ज्याला बोट लागत नाही त्याने ये-जा करावी.”

“आणि रविवारची घंटा?”

“काकू वाजवतील.”

“काकूंना ताल नाही,” ती म्हणाली. तेवढंच बोललो.

तुझ्या दारात ताई होती. मी बेटावर चारचौघांत बोललो होतो की यॉनसुनच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार नाही. तुझ्या कानावर गेलंच असेल. ताईच्याही गेलं होतं. तिने वळकटी घ्यायला हात पुढे केला, मला आत ये म्हणाली नाही. मी चपला काढल्या आणि आत गेलो. खोली बघितली. बरण्यांचे गोल डाग जमिनीवर अजून आहेत, म्हणजे फार दिवस झाले नाहीत हलवून. एवढं मी बघितलं, लपवत नाही. गादी मी माझ्या हाताने अंथरली, भिंतीच्या बाजूने, तिला खिडकीची थंडी सोसत नाही. तिने मला अंथरू दिली. मग ती तुझ्या दुकानात मुळे चिरायला बसली, माझ्याकडे पाठ करून, आणि मी निघालो.

सांगायचं ते एवढंच. ताप आला, पोट बिघडलं, कधी उलटी झालीच, तर तिच्यामागे ब्रश घेऊन धावू नकोस आणि तिला धावू देऊ नकोस. तिचा हात आपोआप जातो. आधी चूळ, सोड्याची. मग तासभर तिच्याशी बोलत बस, म्हणजे तिला वेळ कळणार नाही. प्यॉन डॉक्टरांनी पुढच्या मंगळवारी बोलावलं आहे, पातळ दातांवर मुलामा चढवायला. तू ने. माझ्या डोळ्यांसमोर तिला नीट तोंड उघडवत नाही, लाजते. आणि पाकाच्या बरण्या तिच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेव.

संध्याकाळच्या बोटीने परतलो. सकाळचा समुद्र राहिला नव्हता. मोकपोच्या बाहेर पडलो तसा वारा सुटला, आणि बोट अशी डोलायला लागली की आतली पोरं फोन खिशात टाकून बाकाला धरून बसली. मी बाहेर येऊन मागच्या बाजूला बघितलं. धुराड्यापाशी कोणी गुडघे टेकून बसलेलं नव्हतं.

ग्वांगतेक